जोतीरावांची अर्पणपत्रिका त्या दारासमोर वाचू या

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीला आणि मराठी शाळांतल्या शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

११ एप्रिल २०२७ रोजी महात्मा जोतीराव फुले यांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होतील. आपली मंडळं त्या निमित्ताने काही ना काही करतीलच. सभागृह ठरेल, भारतातून कुणी वक्ते येतील, मुलं पागोटं बांधून आणि नऊवारी नेसून रंगमंचावर येतील. ते सगळं जरूर व्हावं. त्यात एका गोष्टीची भर घालावी एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. त्या दिवशी आपण मॅनहॅटनमध्ये पश्चिम २९व्या रस्त्यावर, आठव्या आणि नवव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या ३३९ क्रमांकाच्या घरासमोर जमावं आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका तिथे उभं राहून मोठ्याने वाचावी.

हे माझ्या डोक्यात आलं ते सासऱ्यांमुळे. ते निवृत्त शिक्षक, साताऱ्याकडचे. त्यांचं गाव खटाव तालुक्यात आहे आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण तिथून जवळच, त्यामुळे जोतीरावांविषयी ते घरच्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतात. दोन वर्षांपूर्वी ते इथे आले होते. आपण पाहुण्यांना जे जे दाखवतो ते सगळं मी दाखवलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा झाला, टाइम्स स्क्वेअर झाला. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. एका रविवारी पोकिप्सीला जाऊन आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिलेवर फुलं वाहून आलो. परतताना गाडीत त्यांनी विचारलं, “जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ या देशातल्या लोकांना अर्पण केली होती. त्या लोकांपैकी कुणाचं घर असेल ना इथे कुठे? ते दाखवा मला.”

मी लिंकनचं नाव घेतलं. ते म्हणाले, “लिंकन नव्हे हो. तो राष्ट्राध्यक्ष. पुस्तक लोकांना अर्पण केलंय.”

मला उत्तर देता आलं नाही. अर्पणपत्रिका मी शाळेत असताना वाचली होती, नंतर एकदा व्याख्यानात ऐकली होती. १८७३ साली पुण्यात बसून, कधीही न पाहिलेल्या देशातल्या माणसांना जोतीराव आपलं पुस्तक प्रेमाने नजर करतात. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी गुलामांना सोडवण्याच्या कामात जी उदारता, जो निरपेक्षपणा आणि जो परोपकार दाखवला त्याच्या सन्मानार्थ. आणि आपले देशबांधव शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता घेतील अशी आशा व्यक्त करतात. हे सगळं माहीत होतं. पण हे सदाचारी लोक म्हणजे कोण, त्यांची नावं काय, ते कुठे राहत होते, काय काम करत होते, हे मी आयुष्यात कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

मग शोधायला लागलो. आणि ज्या पेन स्टेशनवर मी अकरा वर्षं रोज सकाळी उतरतो तिथून पाच-सहा मिनिटांच्या चालीवर असं एक घर निघालं.

ते घर दिसायला साधं आहे. १८४६-४७ च्या सुमारास बांधलेल्या, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या ओळीतलं एक. तेव्हा या तुकड्याला लामार्टीन प्लेस म्हणत. फ्रेंच कवी लामार्टीनचं नाव दिलं होतं. आज समोरच्या बाजूला कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या युनियनने १९६२ साली उभ्या केलेल्या सहकारी वसाहतीच्या उंच इमारती आहेत, त्यामुळे जुन्या घरांकडे पटकन लक्ष जात नाही. या घरात १८५०च्या दशकात अ‍ॅबी हॉपर गिबन्स, त्यांचे पती जेम्स स्लोन गिबन्स आणि त्यांच्या मुली राहत होत्या. जेम्स बँकेच्या व्यवसायात होते. दोघंही क्वेकर घराण्यांतले आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे आणि तो दिसायला मधल्या माणसाची गरज नाही, ही त्यांची श्रद्धा. अ‍ॅबीच्या काळातल्या त्यांच्या सभेत पुरोहित नसायचा, मंत्र नसायचे. सगळे शांत बसायचे आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलायचा. बाईलाही उठून बोलायची मोकळीक होती. निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको, असं सांगणाऱ्या सत्यशोधक समाजाच्या मराठी माणसाला हे काही परकं वाटू नये.

अ‍ॅबीचे वडील आयझॅक हॉपर १७७१ साली आपल्याच न्यू जर्सीत जन्मले. फिलाडेल्फियात शिंपीकाम शिकले. मालकाच्या तावडीतून पळून आलेल्या गुलामांना लपवायचं, कोर्टात त्यांच्या बाजूने उभं राहायचं, हे काम ते तरुणपणापासून करत. ते वकील नव्हते, पण गुलामगिरीच्या कायद्याच्या खाचाखोचा त्यांना तोंडपाठ होत्या. १८२९ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुस्तकांचं दुकान चालवू लागले. वडिलांच्या उतारवयात ते आणि अ‍ॅबी दोघंही तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांच्या कामाला लागले. सुटून आलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नसे. अशा बायकांसाठी न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या निवाऱ्याला पुढे आयझॅक हॉपर यांचंच नाव दिलं गेलं. १८६३ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे कुणालाही न कळता बाळंत होता येत होतं. दोन शहरांतली ही दोन कुटुंबं एकमेकांना ओळखत नव्हती.

आता मला त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाविषयी सांगायचं आहे.

जोसेफ चोएट नावाचे एक तरुण वकील गिबन्स कुटुंबाचे स्नेही होते. पुढे ते इंग्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की गिबन्सबाईंचं घर हे ‘अंडरग्राउंड रेलरोड’चं एक ठाणं होतं. नाव असलं तरी ही रेल्वे नव्हती आणि जमिनीखालीही नव्हती. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना रातोरात एका घरातून दुसऱ्या घरात पोचवत कॅनडापर्यंत नेणाऱ्या माणसांची ती साखळी होती. चोएट सांगतात, एकदा त्या घरी ते जेवायला होते. गुलामगिरीविरोधी चळवळीचे अग्रणी विल्यम लॉइड गॅरिसनही होते. आणि त्याच टेबलाला, त्यांच्याबरोबर, स्वातंत्र्याच्या वाटेवर निघालेला एक काळाकुट्ट माणूस बसलेला होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. अमेरिकन वाचक इथे ‘त्याला लपवलं’ या गोष्टीपाशी थांबत असेल. मराठी माणूस थांबतो तो टेबलापाशी. कारण पंगत म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. कोण कुठल्या रांगेत बसतो, कुणाचं पान वेगळं मांडतात, कुणाला वाढताना हात वर धरून वरून टाकतात, कुणाला दाराबाहेर बसवतात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलं आहे आणि पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनी सोसलं आहे. गिबन्सबाई त्या माणसाला मागच्या खोलीत ताट पाठवू शकल्या असत्या. भीतीही खरी होती. १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने अशा माणसाला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. नोकरमाणसाने, शेजाऱ्याने, आलेल्या पाहुण्याने कुणीही एक शब्द बाहेर काढला असता तर पुरे होतं. तरीही तो माणूस पाहुण्यांच्या पंक्तीला होता. त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. तो मीठ मागायला बिचकला असेल का, कुणी त्याच्या पुढ्यात पाव सरकवला असेल का, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

१८६८ साली जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाहेर सभेत समतेवर बोलणं आणि स्वतःच्या घरातलं पाणी, स्वतःच्या घरातलं ताट मोकळं करणं यांत केवढं अंतर असतं ते आपण जाणतो. हे अंतर त्यांनी पुण्यात पार केलं आणि त्या आधी काही वर्षं गिबन्स मंडळींनी २९व्या रस्त्यावर.

याची किंमतही दोघांनी मोजली. आपली समजूत अशी असते की क्वेकर म्हणजे सगळे गुलामगिरीविरोधी. तसं नव्हतं. आधीच्या पिढ्यांत खुद्द क्वेकरांकडे गुलाम होते, फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी सभासदांना गुलाम बाळगायची बंदी केली ती १७७६ मध्ये. आणि नंतरही, स्वतः गुलाम ठेवायचे नाहीत इथपर्यंत सगळ्यांना मान्य, पण त्याविरुद्ध चळवळ करायची, वर्तमानपत्र चालवायचं, भांडणं अंगावर घ्यायची, हे पुष्कळांना नको होतं. १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वेकर सभेने गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्राशी संबंध ठेवल्याबद्दल आयझॅक हॉपर आणि जेम्स गिबन्स यांना पंथातून काढून टाकलं. आपल्या भाषेत, वाळीत टाकलं. सासरा आणि जावई, दोघांनाही. पुढच्या वर्षी अ‍ॅबी उठल्या आणि स्वतःचा राजीनामा भर सभेत वाचून दाखवून बाहेर पडल्या. शाळा काढली म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८४९ मध्ये वडिलांचं घर सोडावं लागलं, ते आपल्या प्रत्येक मुलाला मराठी शाळेत शिकवलं जातं. त्या शेजारी हे दुसरं घर, ही दुसरी बाई आणि तिचा हा राजीनामाही शिकवा, असं मी शिक्षकांना कळकळीने सांगतो.

आता जुलै १८६३. यादवी युद्ध चालू होतं. सैन्यात सक्तीची भरती करायचा कायदा झाला होता आणि ३०० डॉलर भरणाऱ्याला त्यातून सुटका होती. ज्यांच्याकडे ३०० डॉलर नव्हते त्या गरिबांचा, त्यातही आयरिश मजुरांचा, राग समजण्यासारखा होता. पण तो राग ज्यांच्यावर निघाला ते त्यांच्याहूनही गरीब होते. १३ जुलैला, सोमवारी, दंगल पेटली. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरचं कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय जमावाने जाळलं. आतली २३३ मुलं कशीबशी बाहेर काढली म्हणून वाचली. रस्त्यांवर काळ्या माणसांना पकडून दिव्याच्या खांबांवर लटकवलं गेलं. चार दिवसांत शंभराहून जास्त माणसं मेली. शेवटी सैन्याच्या तुकड्या शहरात आणाव्या लागल्या.

गिबन्सांचं घर जमावाला ठाऊक होतं. लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला तेव्हा या घराने खिडक्यांतून रोषणाई केली होती. ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली तिथे येत-जात. मंगळवारी, १४ जुलैला, जमाव लामार्टीन प्लेसमध्ये घुसला. अ‍ॅबी घरी नव्हत्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या लष्करी रुग्णालयात थोरल्या मुलीसह जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होत्या. ज्युलिया आणि लुसी या धाकट्या दोघी वडिलांबरोबर न्यूयॉर्कमध्ये होत्या. हल्ला झाला तेव्हा त्या ओळीतल्याच नातेवाइकांच्या घरात होत्या आणि तिथून त्यांनी आपलं घर फुटताना पाहिलं. दारं-खिडक्या फोडल्या, सामान रस्त्यावर आलं, पुस्तकं गेली, आग लावली. शेजाऱ्यांनी ती विझवली म्हणून भिंती उभ्या राहिल्या.

मुलींना रस्त्याने बाहेर काढणं शक्य नव्हतं, खाली जमाव होता. ज्यांनी त्या जेवणाची आठवण लिहून ठेवली तेच चोएट धावून आले. ते मुलींना गच्चीवर घेऊन गेले. ओळीतली घरं एकाच वेळी, एकाच उंचीची बांधलेली होती, त्यामुळे एका छपरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाता येत होतं. तसं छपरांवरूनच चालत ते आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या दिशेला गेले, तिथे त्यांनी बग्गी उभी करून ठेवली होती. तीत बसवून मुलींना आपल्या घरी नेलं.

मी त्या रस्त्यावर उभा राहतो तेव्हा माझी नजर वर जाते ती यासाठी. त्या घरावर कुठे काय कोरलंय यापेक्षा, ती छपरांची सलग रेघ हाच त्या दिवसाचा पुरावा आहे. त्याच रेघेवरून दोन मुली जीव मुठीत धरून चालल्या. आणि वाद नेमका तिच्यावरूनच झाला. अलीकडच्या काळात घराच्या मालकाने वर आणखी एक, पाचवा, मजला चढवायला घेतला. भोवतालच्या रहिवाशांनी आणि इतिहासप्रेमींनी हरकत घेतली. १३ ऑक्टोबर २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनने, म्हणजे वारसा वास्तू जपणाऱ्या शहराच्या आयोगाने, ३३३ ते ३५५ क्रमांकाची ही १२ घरं मिळून संरक्षित परिसर जाहीर केला. मजल्याचा वाद कोर्टात गेला आणि २०१५ मध्ये अपिलातही हेच ठरलं की त्या मजल्याला आयोगाची परवानगी घ्यावीच लागेल.

हा आयोग आहे कशामुळे, हे पेन स्टेशनला उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९१० साली उभारलेलं जुनं पेन स्टेशन संगमरवर, ग्रॅनाइट आणि काचेचं होतं. १९६३ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. लोक हळहळले, पण अडवायला कायदाच नव्हता. त्या धक्क्यातून १९६५ मध्ये न्यूयॉर्कचा वारसा जतनाचा कायदा आला. आज आपण उतरतो ते बुटकं, बिनखिडक्यांचं तळघर त्या पाडापाडीनंतर उरलेलं आहे, आणि त्याच पाडापाडीतून निघालेला कायदा दोन-तीन ब्लॉकवरच्या या घराला राखतो आहे. या कायद्याखाली संरक्षित घराच्या बाहेरच्या रूपात कुठलाही मोठा फेरफार करायचा तर आयोगापुढे जाहीर सुनावणी होते. तिथे कुणीही बोलू शकतं. त्यासाठी शेजारी राहायला हवं असं नाही. लेखी म्हणणंही पाठवता येतं.

तिथे आपण का बोलावं, असं विचारलं जाईल हे मला माहीत आहे. काही मित्रांनी विचारलंही. हा अमेरिकेचा इतिहास, काळ्या-गोऱ्यांचा. आपण इथे नोकरीसाठी आलेले, आपला त्यात काय संबंध?

संबंध जोतीरावांनी जोडून ठेवला आहे. १५० वर्षांपूर्वी, लेखी, छापून. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने अमेरिकेतल्या साध्या माणसांना असा नमस्कार केलेला नाही. १८७३ मध्ये अ‍ॅबी गिबन्स हयात होत्या, त्या वेळी ७१ वर्षांच्या. १८९३ च्या जानेवारीत त्या गेल्या. अर्पणपत्रिका ज्यांना उद्देशून होती त्यांच्यात त्या होत्या, त्यांचे यजमान होते, आणि माझ्या मते तो टेबलावरचा माणूसही होता, कारण सगळ्यात मोठा धोका पत्करला तो त्याने. आनंदीबाईंच्या स्मृतिशिलेपाशी आपण जातो. त्या ज्या फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ते १८५० मध्ये उभं करण्यात क्वेकर मंडळींचाच मोठा वाटा होता. म्हणजे या माणसांच्या कामाचं फळ आपल्या एका लेकीच्या ओंजळीत प्रत्यक्ष पडलेलं आहे.

आणि एक दुखरी गोष्ट. भिडेवाडा आपण पाहिला आहे. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत जिथे मुलींची शाळा सुरू झाली तो वाडा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. मी लहानपणी आईचं बोट धरून त्याच्यासमोरून कितीदा गेलो असेन. तो खचत होता, भिंतींतून झाडं उगवत होती, आणि आम्ही समोर गणपतीला नमस्कार करून निघून जात होतो. वर्षानुवर्षं खटले चालले. डिसेंबर २०२३ मध्ये उरलेलं बांधकाम पाडलं गेलं. तिथे स्मारक व्हायचं आहे, ते व्हावं, चांगलं व्हावं. पण ज्या उंबऱ्यावरून त्या पहिल्या मुली आत गेल्या तो उंबरा गेला. वाडा उभा होता तेव्हा आपल्याला वेळ नव्हता, हे मी स्वतःला धरून म्हणतो. ३३९ क्रमांकाचं घर अजून उभं आहे.

म्हणून मंडळांकडे आणि शाळांकडे माझं मागणं असं आहे. ११ एप्रिल २०२७ ला रविवार आहे. सकाळी आपण पेन स्टेशनच्या आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला जमू. तिथून दक्षिणेला चालत २९व्या रस्त्यापर्यंत आणि मग उजवीकडे वळायचं. घरांची ओळ उजव्या हाताला लागते. घर खासगी आहे, तेव्हा पायऱ्या चढायच्या नाहीत, बेल वाजवायची नाही, कुणाच्या दारात गर्दी करायची नाही. फुटपाथवर एका कडेने उभं राहायचं. ध्वनिवर्धक लावायला पोलिसांचा परवाना लागतो, तो नकोच, एवढ्या माणसांना साधा आवाज पोचतो. अर्पणपत्रिका जोतीरावांनी मराठीत लिहिली आणि इंग्रजीतही. मराठी एखाद्या मुलीने वाचावी, इंग्रजी एखाद्या मुलाने. शेजारपाजारचं कुणी थांबून ऐकत असेल तर त्यांनाही एक छापील कागद द्यावा. त्यांच्या रस्त्यावर राहून गेलेल्या माणसांविषयी दूरच्या पुण्यात काय लिहिलं गेलं होतं ते त्यांनाही कळू दे. हे लिहिलेलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलेलं नसेल.

शाळांनी मुलांना आधी दोन तास द्यावेत. एका तासात हौद, दुसऱ्यात टेबल. मुलं काय प्रश्न विचारतात ते लिहून ठेवावं. माझ्या मुलीने विचारलं होतं, “त्या टेबलवरच्या माणसाला कुणी त्याचं नाव विचारलं असेल का?” आमच्या घरी त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

मंडळांनी दुसरं एक काम करावं, ते बिनगाजावाजाचं आहे. या ओळीतल्या कुठल्याही घराविषयी आयोगापुढे सुनावणी लागली की मंडळाच्या नावाने एक पत्र जावं. त्यात लांबलचक काही नको. आम्ही मराठी भाषक, या भागात राहतो. १८७३ साली आमच्या एका समाजसुधारकाने गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकनांना आपलं पुस्तक अर्पण केलं. अशा माणसांच्या ज्या थोड्या वास्तू या शहरात उरल्या आहेत त्यांतली ही एक आहे. तिची छपरांची रेघ जशी होती तशी राहावी. एवढं पुरे. मसुदा मी लिहून देईन. दोन ओळी मराठीतही असाव्यात असं माझं मत आहे. सरकारी कागदांत त्या जपल्या जातील.

सासरे आता प्रवास करू शकत नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना त्या घरासमोर उभा राहून व्हिडिओ कॉल लावला. थंडीने बोटं बधिर झाली होती आणि फोन हलत होता. मी आधी दार दाखवलं, मग खिडक्या. त्यांनी मला फोन वर धरायला सांगितला, छपराकडे, आणि म्हणाले, “हळू फिरवा. कुठून कुठे गेल्या पोरी ते नीट दिसू द्या.” मी नवव्या अ‍ॅव्हेन्यूकडून आठव्या अ‍ॅव्हेन्यूपर्यंत फोन हळूहळू फिरवत नेला. ते तिकडे गप्प होते. मग म्हणाले, “वाचून दाखवा आता.” मी वाचली. एकटाच होतो, म्हणून जरा हळू आवाजात वाचली.

११ एप्रिलला सकाळी दहा वाजता मी आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूच्या दाराशी थांबेन. अर्पणपत्रिकेच्या छापील प्रती आणि मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या मी आणतो. कोणत्या मंडळातून साधारण किती जण येतील तेवढं मार्चअखेर कळवावं.

आपला,
एडिसनचा एक सभासद